साठ्यांचं चौथं प्रकरण

सकाळी सहा पस्तीसला मी बेसमेंटमध्ये गाडी चालू करून बसलो होतो. शारजात राहून दुबईत नोकरी करणाऱ्यांना ठाऊक असतं, पावणेसातच्या आत हायवेला लागलात तर पाऊण तास, त्यानंतर लागलात तर देवाच्या हवाली. साठ्ये बरोबर सहा तेहतीसला खाली यायचे. अकरा वर्षांत ते उशिरा आल्याचं मला आठवत नाही. सहा चाळीस झाले तेव्हा मी चिडलो, खोटं कशाला सांगू. फोन लावला, तो शैलजावहिनींनी उचलला. "कर्णिक, तुम्ही निघा आज," त्या म्हणाल्या. बरं नाहीये का त्यांना, असं मी विचारलं. "ॲम्ब्युलन्सवाले आलेत वर... पण ते म्हणतायत, आता काही उपयोग नाही." अशा वेळी माणसाच्या मनात काय यावं याचे काही संकेत असतील. माझ्या मनात आलं, गाडी बंद करायला हवी. ती बंद केली आणि लिफ्टने अकराव्या मजल्यावर गेलो.

याला आता सात आठवडे झाले. दिवाकर साठ्ये एकसष्ट वर्षांचे होते. अंत्यसंस्कार इथेच झाले, कॅनडातून मुलगा येऊन गेला, मराठी मंडळाने शोकसभा घेतली. तिथे साठ्यांच्या 'व्यासंगा'बद्दल बरेच जण बोलले. व्यासंग नेमका कशाचा, ते कुणीच सांगितलं नाही, कारण कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. का बसलो, ते सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सर्व्हिस मॅनेजर आहे. माझा आणि नाटकाचा संबंध गणपतीत मंडळाच्या खुर्च्या लावण्यापुरता. तेव्हा पुढे जे काही शहाणपणाचं येईल ते साठ्यांचं आहे, आणि चुका माझ्या.

साठ्ये मूळचे पुण्याचे, इंग्रजीचे एम. ए. डॉक्टरेटसाठी त्यांनी नाव नोंदवलं होतं आणि विषय घेतला होता, आधुनिक अमेरिकन नाटकावर एक्स्प्रेशनिझमचा झालेला परिणाम. दीड-दोन वर्षं काम झालं, मग वडिलांना अर्धांगवायू झाला, धाकट्या बहिणीचं शिक्षण व्हायचं होतं, आणि कुणीतरी सांगितलं की गल्फमध्ये इंग्रजी येणाऱ्या माणसाला डॉक्युमेंट कंट्रोलरची नोकरी मिळते. ही नोकरी म्हणजे प्रकल्पाचा प्रत्येक कागद, प्रत्येक नकाशा, त्याची प्रत्येक सुधारित आवृत्ती सांभाळायची. एकही पान हरवता कामा नये, एवढंच काम. पहिली नऊ वर्षं ते रुवैसला होते. अबूधाबीच्या पार पश्चिमेला, वाळू आणि समुद्र यांच्यामधलं रिफायनरीचं गाव. तिथून कंपनीच्या दुबई ऑफिसात आले, पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, आणि दोघांची ऑफिसं एकाच बाजूला निघाल्याने माझ्या गाडीत आले.

पहिली काही वर्षं आम्ही ट्रॅफिक, शाळेच्या फिया आणि गुडघे यांवर बोलायचो. एकदा मीच विचारलं, तुमची ती पीएचडी कशात होती हो? एका वाक्यात सांगा म्हटलं. साठ्ये विचारात पडले. मग म्हणाले, "तुमच्या लिफ्टमध्ये माणूस अडकला की पहिल्या मिनिटाला काय करतो?"

"बटणं दाबतो."

"आणि विसाव्या मिनिटाला?"

"दारावर थापा मारतो. आम्हाला फोनवर सांगतो की भिंती जवळ यायला लागल्यात."

"येतात का?"

"कशा येतील? स्टीलची केबिन आहे."

"झालं तर. एरवीचं नाटक तुमची स्टीलची केबिन दाखवतं. एक्स्प्रेशनिझम जवळ आलेल्या भिंती दाखवतो."

हे मला समजलं. गेल्या पंचवीस वर्षांत मी अशा दोनेकशे माणसांना बाहेर काढलं असेल, आणि त्यांतल्या एकालाही भिंती खरोखरच जवळ आल्या नव्हत्या हे पटलेलं नाही. साठ्यांना मी तसं म्हणालो, तर ते इतके खूश झाले की पुढचे तीन दिवस थांबेचनात. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे जर्मनीत हे कसं सुरू झालं, रंगमंचावरची घरं तिरकी का झाली, सावल्या माणसांपेक्षा मोठ्या का झाल्या, पात्रांची नावं जाऊन 'बाप', 'मुलगा', 'कारकून' एवढंच का उरलं, तारेच्या मजकुरासारखी तुटक वाक्यं का आली. ही नाटकं घटनेतून घटना असं न चालता थांब्याथांब्याने जायची, माणूस एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा उघडा पडत जायचा. समोर ब्रेकचे लाल दिवे लागलेले असायचे, आम्ही दहा मिनिटांत दीडशे मीटर गेलेलो असायचो, आणि हे गृहस्थ मला थांब्यांचं नाटक समजावून द्यायचे. निम्मं डोक्यावरून जायचं.

रुवैसचा एक किस्सा ते नेहमी सांगत. तिथे मोठ्या शटडाउनच्या वेळी, म्हणजे रिफायनरी बंद करून दुरुस्ती चालते तेव्हा, हजारो माणसं बाहेरून येतात. कुणाचं नाव कुणाला कळत नाही. हाक मारतात ती कामाच्या नावाने. "पाइपिंग आया क्या? इन्स्ट्रुमेंट को बुलाओ. यल्ला, चलो, स्कॅफोल्डिंग किधर है?" साठ्यांना सगळे 'डॉक्युमेंट' म्हणायचे. "मी पुण्याच्या ग्रंथालयात दोन वर्षं वाचलं होतं की या नाटकांत माणसाचं नाव गळून पडतं," ते म्हणायचे, "आणि रुवैसला कँटीनच्या रांगेत मागून हाक आली, ओ डॉक्युमेंट, प्लेट उठाओ. तेव्हा म्हटलं, हां, हे असं असतं होय." पुस्तक त्यांनी त्यानंतर लिहायला घेतलं. डॉक्टरेट गेलीच होती. मराठीतून लिहायचं ठरवलं, एकूण सहा प्रकरणं, ऑफिस सुटल्यावर रोज तासभर ऑफिसच्याच लॅपटॉपवर. पेनड्राइव्ह लावायला कंपनीची बंदी होती, म्हणून प्रत तेवढी एकच. सोळा वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी कंपनी बदलली. लॅपटॉप परत करायच्या आधी, शेवटच्या आठवड्यात, त्यांनी सगळं पुस्तक ऑफिसच्या प्रिंटरवर छापून घेतलं, टायपिंग सेंटरमधून स्पायरल बांधून आणलं आणि गाडीत माझ्या मांडीवर ठेवलं. "पहिले वाचक तुम्ही," म्हणाले. "शैलजा नको, ती सगळ्याला बरं म्हणते. तुम्ही म्हणजे तुम्हाला कंटाळा आला तर तुम्ही सांगाल." असा माझा लौकिक. मी ते घरी नेऊन टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवलं. शुक्रवारी वाचू, ईदच्या सुट्टीत वाचू, पुण्याला जाताना विमानात वाचू... साठ्यांनी एकदाही विचारलं नाही. चार महिने झाले तेव्हा मलाच लाज वाटली आणि एका सकाळी मी म्हणालो, "वाचलं हो तुमचं पुस्तक. झकास झालंय. चौथं प्रकरण तर फारच."

चौथंच का म्हणालो? पहिलं म्हटलं असतं तर वाटलं असतं, तेवढंच वाचलं. शेवटचं म्हटलं तर शेवट विचारतील. चौथं सुरक्षित वाटलं. साठ्ये माझ्याकडे बघत राहिले. मग पुढे रस्त्याकडे पाहून म्हणाले, "चौथं आवडलं? बरं झालं." आणि पाण्याची बाटली उघडून प्यायले. मी सुटलो असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला पुस्तक सांगायला सुरुवात केली. म्हणजे आता मला कळतं की ते पुस्तक सांगत होते. तेव्हा मला वाटलं, वय झालं, माणूस पाल्हाळिक व्हायला लागला. माझी मुलगी रेवा अधूनमधून मागच्या सीटवर असायची, तिचं कॉलेज वाटेत लागतं. ती एकदा उतरताना म्हणाली, "बाबा, ही इज नॉट चॅटिंग. ही इज डूइंग चॅप्टर्स." मी म्हटलं, तुला उशीर होतोय, जा.

जर्मनीतून हे लोण अमेरिकेत कसं गेलं ते त्यांनी महिनाभर सांगितलं. कुणी युरोप फिरून आलेले नेपथ्यकार, कुणी भाषांतरं करणारे, जर्मन मूकपट, आणि धंदेवाईक नाटकांना कंटाळलेले न्यूयॉर्कचे हौशी संच. "आपल्या मंडळासारखे?" मी विचारलं. "हो, फक्त त्यांना नाटक करायचं होतं," साठ्ये म्हणाले. मग अमेरिकनांनी त्याचं काय केलं. हे त्यांचं लाडकं वाक्य, मला पाठ झालेलं: जर्मन माणूस रंगमंचावर ओरडतो तेव्हा तो माणुसकीला हाक मारत असतो, अमेरिकन ओरडतो तेव्हा त्याला नोकरीवरून काढलेलं असतं. यंत्रावर काम करता करता यंत्र झालेला कामगार, आकड्यांत बुडालेला कारकून, मुखवटे, ढोल, मनातले विचार मोठ्याने बोलणारी पात्रं. हे तिसऱ्या प्रकरणापर्यंतचं. चौथ्याला त्यांनी जास्त वेळ घेतला. एकच गोष्ट दोनदोन, तीनतीन तऱ्हांनी सांगायचे, मध्येच थांबायचे, "नाही, हे असं नको" म्हणून पुन्हा मागून सुरुवात करायचे. माझे कान किटले. पण मी हं हं करत राहिलो, कारण वाचलंय असं सांगून बसलो होतो ना.

मग ते गेले. तिसऱ्या आठवड्यात रेवाने जेवताना विचारलं, "डिड यू एव्हर रीड हिज बुक?" ती उठून गेल्यावर कप्प्यातून ते स्पायरल काढलं आणि वाचायला बसलो. पहिली तीन प्रकरणं मला ठाऊक होती. वाक्यंच्या वाक्यं ओळखीची, कुठे कुठे तर हे ते कोणत्या पुलाखाली म्हणाले होते तेही आठवत होतं. पान उलटून चौथ्या प्रकरणावर आलो. मोठ्या अक्षरात '४', आणि त्याच्याखालच्या पानापासून इंग्रजी. रुवैसच्या शटडाउनची चेकलिस्ट. कुठला व्हॉल्व्ह बंद केला, कुणी तपासला, सही, शेरा. एकवीस पानं. त्यानंतर पाचवं प्रकरण नीट सुरू. ऑफिसच्या प्रिंटरवर त्या आठवड्यात दोन्ही कामं एकदम छापली गेली होती, आणि गठ्ठे बदलले होते. ज्या माणसाने तीस वर्षांत कुणाचं पान हरवू दिलं नाही, त्याने स्वतःचं प्रकरण हरवलं होतं. आणि ज्याला ते सगळ्यात जास्त आवडलं होतं, तो मी होतो.

मी स्पायरल घेऊन वर गेलो. वहिनी खोकी भरत होत्या. घराचा करार महिनाअखेर संपत होता आणि त्या पुण्याला जायच्या होत्या. मी ते पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. "माहीत होतं त्यांना," त्या म्हणाल्या. रुवैसहून कुणाचा तरी फोन आला होता, आमच्या फाइलमध्ये तुमचे काही हिंदी कागद आले होते, काय करायचं ते कळेना म्हणून श्रेडरमध्ये घातले. लॅपटॉप तोवर पुसून दुसऱ्याला दिलेला. "खलास," साठ्ये घरी येऊन म्हणाले होते, आणि दोन दिवस जेवले नव्हते. त्यानंतर महिन्याभराने मी त्यांना चौथं प्रकरण फारच छान झालंय असं सांगितलं.

"चिडले असतील," मी म्हटलं.

"हसले. खूप दिवसांनी हसले. म्हणाले, कर्णिकांना आवडलंय म्हणजे ते पुन्हा लिहायलाच हवं." वहिनी खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. "म्हणाले, आधी त्यांना सगळं पुस्तक तोंडी सांगतो, म्हणजे चौथं आपोआप जुळत येईल. पूर्ण सांगून झालं की लिहायला बसतो. गेल्या महिन्यात सांगून झालं होतं ना तुम्हाला?"

झालं होतं. लिहायला ते बसले नव्हते.

मला रडू आलं. तिथेच, खोक्यांच्या मध्ये उभ्या उभ्या. वहिनींनी पाणी दिलं आणि काम चालू ठेवलं. मग त्या म्हणाल्या की पुस्तक छापायचं त्यांनी ठरवलंय, पुण्यातला एक प्रकाशक तयार आहे, पाच प्रकरणं आहेत. "सहावं... म्हणजे चौथं, तुमच्याकडे आहे. मला उतरवून द्या."

मी घरी टेबलाशी बसून पाहिलं. दोन संध्याकाळी कागद कोराच. शनिवारी वहिनींना गाडीत घेऊन दुबईला गेलो, वाटलं तिथे आठवेल. शनिवारी रस्ता मोकळा, वीस मिनिटांत पोचलो, काही सुचलं नाही. शेवटी तीन दिवसांची रजा टाकली आणि रोज सकाळी सहा पस्तीसला, ऐन ट्रॅफिक जॅममध्ये, आम्ही निघालो. रजा काढून जॅममध्ये बसणारा शारजात मी एकटाच असेन. वहिनी शेजारच्या सीटवर वही घेऊन. गाडी रांगेत अडकली, पुढचे लाल दिवे लागले आणि साठ्ये बोलायला लागले. म्हणजे माझ्या तोंडून.

ओरडणं थांबलं पण एक्स्प्रेशनिझम संपला नाही, हा त्या प्रकरणाचा गाभा. मंदी आली, युद्ध आलं, आणि अमेरिकन नाटककार वरकरणी साधे झाले. रंगमंचावर पुन्हा नेहमीचं घर, स्वयंपाकघर, बिलं, जेवणाचं टेबल. पण त्या घराच्या भिंती आरपार झालेल्या. माणूस बायकोशी बोलता बोलता वीस वर्षांपूर्वीच्या कुणाशी तरी बोलायला लागतो, आणि तिघंही एकाच खोलीत उभी असतात. एखादं गाणं एकट्यालाच ऐकू येतं. दिवा बदलतो आणि काळ बदलतो. जो आरडाओरडा आधी रस्त्यावर, कारखान्यात होता, तो दिवाणखान्यात शिरला आणि हलक्या आवाजात बोलू लागला. यासाठी साठ्यांनी दुबईतल्या इंटरनॅशनल सिटी या वस्तीचं उदाहरण दिलं होतं. तिथे एका खोलीचे प्लायवूड लावून तीन भाग करून राहतात. ते स्वतः कुटुंब यायच्या आधी दोन महिने राहिले होते. पलीकडचा माणूस फोनवर घरी 'सगळं मस्त आहे' म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर जे करतो तेही ऐकू येतं. "दोन्ही एकाच वेळी ऐकू येणं, कर्णिक, तेच ते नाटक." हे मला शब्दन् शब्द आठवलं.

वहिनी भराभर लिहीत होत्या. एक-दोनदा थांबवून म्हणाल्या, "हे वाक्य यांचं नाही, तुमचं आहे." आणि खोडलं. बरोबर होतं त्यांचं.

तिसऱ्या दिवशी दुबई जवळ आली तेव्हा आम्ही शेवटाशी आलो. भिंती आरपार झाल्यावर अमेरिकन नाटकाला काय गवसलं, ज्यासाठी एवढी उठाठेव केली ते काय, हे साठ्यांनी एका सकाळी सलग सांगितलं होतं. तो दिवस मला स्वच्छ आठवतो. एका टॉवरमधली लिफ्ट दोनदा बंद पडली होती, ऑफिसला पोचल्यावर साहेबाला काय उत्तर द्यायचं ते मी मनात जुळवत होतो. साठ्ये बोलत होते. मी हं म्हणत होतो. शेवटी ते म्हणाले, "तर असं. झालं चौथं." आणि मी म्हणालो, "वा."

"पुढे?" वहिनींनी विचारलं.

बाकीची पाचही प्रकरणं मी आता दोनदा वाचली होती. ते कसं लिहितात, परिच्छेद कसा संपवतात, मला चांगलं कळायला लागलं होतं. दीड पान मला सहज रचता आलं असतं, आणि मला वाटतं, ते वहिनींनाही ओळखता आलं नसतं. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी थोडा पुढे सरकलो.

"इथून पुढे मला माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो. "ते सांगत होते, मी ऐकत नव्हतो."

वहीत मान घालून वहिनींनी मी म्हणालो तेच लिहिलं, तारीख वगैरे काही न घालता, सलग पुढच्या ओळीत. पुस्तक येत्या महिन्यात येतं आहे. मी त्यांना दोनदा फोन करून सांगितलं की ते वाक्य काढा, बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, यांनी सांगितलेलं आणि तुम्ही ऐकलेलं, असं ते प्रकरण आहे, आणि ते तिथेच संपतं.